खेळातील शिवी आणि शिवीतील बाई

'शिमगा गेला तरी कवित्व उरते' या म्हणीतील कवित्व म्हणजे काय, हे अलीकडे फोड करून सांगावे लागते. शिमग्यात बोंब मारावी, ज्याच्या त्याच्या नावाने अचकटविचकट बोलावे, याला रूढीचीच परवानगी होती. आणि त्या बोलण्यात यमक जुळवणारा जो कोणी निघे त्याची कीर्ती होळीची राख थंड झाल्यावरही गावात रेंगाळत राही. आज ही म्हण खेळांच्या वादंगांना जितकी चपखल बसते तितकी दुसऱ्या कशालाही बसत नाही. सामना पाच दिवसांत संपतो, कुस्ती सहा मिनिटांत निकाली निघते. मागे कवित्व उरते, आणि ते वर्षानुवर्षे पुरते. हे कवित्व आपण ऐकतो, त्यात भर घालतो, पण एखादी कविता वाचावी तसे कधी वाचत नाही. या लेखात मला ते वाचावयाचे आहे.

वाचू लागले की पहिली गोष्ट लक्षात येते ती व्याकरणाची. शिवीला दोन माणसे पुरत नाहीत. देणारा असतो, घेणारा असतो, आणि जिच्याविषयी ती असते अशी तिसरी व्यक्ती असते. ही व्यक्ती मैदानावर नसते. तिने झेल सोडलेला नसतो की निकाल चुकीचा दिलेला नसतो. ती आई असते, बहीण असते, बायको असते. आपल्या व्याकरणाने तिला 'तृतीय पुरुष' हे नाव दिले आहे, ही मौज वेगळीच.

२००८ सालच्या जानेवारीत सिडनीला जो कसोटी सामना झाला त्याचा वाद पुष्कळांना आठवत असेल. तिसऱ्या दिवशी सचिन तेंडुलकर आणि हरभजनसिंग खेळत होते. आठव्या गड्यासाठी त्यांनी १२९ धावा जोडल्या. सचिन १५४ धावांवर नाबाद राहिला, हरभजनने ६३ काढल्या. त्या भागीदारीत हरभजन आणि अँड्र्यू सायमंड्स यांची बाचाबाची झाली, आणि हरभजन आपल्याला माकड म्हणाला अशी सायमंड्सची तक्रार आली. तक्रारीला पूर्वपीठिका होती, आणि ती आपल्या दारची होती. आदल्या ऑक्टोबरात बडोद्याला आणि मागाहून आमच्या मुंबईत वानखेडेवर प्रेक्षकांनी सायमंड्सला माकडचेष्टा करून दाखवल्या होत्या. वानखेडेवर तर पोलिसांना काही लोकांना बाहेर काढावे लागले. तेव्हा 'आमच्याकडे असला वंशभेद नसतो' हे म्हणणे आपण तीनच महिन्यांपूर्वी आपल्या हाताने निकालात काढले होते.

सामनाधिकारी माइक प्रॉक्टर यांनी हरभजनवर तीन कसोटींची बंदी घातली. आपल्या क्रिकेट मंडळाने दौराच आवरता घेण्याची भाषा केली. सुनील गावसकरांनी आपल्या स्तंभात रोखठोक विचारले, की गोऱ्या माणसाने गोऱ्याचाच शब्द का प्रमाण मानावा? प्रश्न रास्त होता. मग अपील झाले. २९ जानेवारीला अॅडलेडला न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांच्यापुढे सुनावणी झाली आणि सचिनने साक्ष दिली. हरभजन जे बोलला ते हिंदीत, 'तेरी माँ की' असे होते. ऑस्ट्रेलियन कानांना ते 'मंकी' वाटले असावे, असा एकंदर बचाव. वंशद्वेषाचा आरोप टिकला नाही. हलक्या कलमाखाली, शिवराळ भाषेबद्दल, सामन्याच्या मानधनाच्या निम्मा दंड झाला आणि बंदी उठली. आपण सुटकेचा निःश्वास टाकला.

आता हा बचाव शांतपणे पुन्हा वाचावा. आमचा खेळाडू निर्दोष आहे, कारण त्याने समोरच्याला माकड म्हटले नाही. त्याने त्याच्या आईला शिवी दिली. कोट्यवधी लोकांनी हे वाक्य ऐकले आणि त्यांपैकी फारच थोड्यांना त्यात काही वावगे वाटले. उलट 'एवढेच ना!' असा भाव सर्वत्र होता. माणसाला त्याच्या वंशावरून हिणवणे हा अधिक भारी गुन्हा मानावा, याबद्दल माझी तक्रार नाही. त्यामागे गुलामगिरीचा सारा इतिहास उभा आहे आणि कलमे करणाऱ्यांनी तो ध्यानात घेतला हे योग्यच झाले. न्यायमूर्तींच्या पुढेही पुराव्याचाच प्रश्न होता. माझे म्हणणे तराजूच्या दुसऱ्या पारड्याविषयी आहे. त्या पारड्यात एक बाई होती. आणि ती इतकी हलकी भरली, की तिच्या नावाने आपण आपला माणूस सोडवून आणला.

सायमंड्स हा दत्तक मुलगा होता. जन्मदात्री एक, वाढवणारी दुसरी. मग ही शिवी कोणत्या आईला लागली? देणाऱ्याला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि खरे सांगायचे तर शिवीला ते ठाऊक असावे लागतच नाही. शिवीतील आईला नाव नसते, वय नसते, चेहरा नसतो. ती केवळ एक प्रत्यय असते.

सचिनने २०१४ साली आपले आत्मचरित्र लिहिले, त्यात हा प्रसंग आहे. उत्तर भारतात राग बाहेर काढायला हे शब्द सर्रास वापरतात आणि आपल्या मते तो खेळाचाच एक भाग होता, अशा आशयाचे तो लिहितो. सचिन प्राध्यापक रमेश तेंडुलकरांचा मुलगा. कवीच्या घरात, साहित्य सहवासात वाढलेला, आणि आयुष्यभर शब्द मोजून वापरणारा. त्याच्या खरेपणाबद्दल मला शंका नाही. म्हणूनच त्याचे हे म्हणणे महत्त्वाचे वाटते. उद्धट माणसाने असे म्हटले असते तर सोडून देता आले असते. सभ्य माणसालाही जी गोष्ट खेळाचा भाग वाटते ती खरोखरच आपल्यात मुरलेली असते. आणि 'उत्तर भारतात' या दोन शब्दांवर मराठी वाचकाने हायसे वाटून घेऊ नये. सकाळच्या कसारा लोकलच्या दारात पाच मिनिटे उभे राहिले तर या शब्दांची अस्सल मराठी भाषांतरे ऐकू येतात, आणि तीही पदरची भर घालून.

याच सामन्यातली दुसरी गोष्ट लोक विसरले आहेत. ब्रॅड हॉगने अनिल कुंबळे आणि धोनी यांना 'बास्टर्ड' म्हटल्याची तक्रार आपल्या संघाने केली होती. पुढे कुंबळेने मोठ्या मनाने ती मागे घेतली. हा शब्द ऑस्ट्रेलियात दोस्तादोस्तांत चालतो, असे त्यांचे म्हणणे. आपल्याला तो झोंबला, कारण तो आपल्या आईच्या चारित्र्यावर होता. मराठीत त्या अर्थाचा शब्द 'अक्करमाशी'. बारा मासे भरले तर तोळा पुरा. अकरा भरले तर माणूस उणा. शरणकुमार लिंबाळे यांनी १९८४ साली आपल्या आत्मकथेलाच ते नाव दिले आणि तो शब्द देणाऱ्याच्या तोंडावर फेकला, म्हणून तो मराठी वाङ्मयात राहिला. त्या शब्दाने मुलाला तोलले जाते आणि आईला दोषी धरले जाते. बाप कोठे आहे, असे विचारण्याची रीत नाही. सिडनीत मग एकाच आठवड्यात काय झाले? त्यांनी आमच्या आईला बोल लावला तो अपमान ठरला, आणि आम्ही त्यांच्या आईला लावला तो खेळ ठरला. 'आमच्याकडे हे चालते' हे वाक्य मात्र दोन्ही तंबूंत एकच होते.

पुढे २०११ साली हरभजन आणि सायमंड्स मुंबई इंडियन्सच्या एकाच संघातून खेळले. त्याच वानखेडेवर. पुरुषांची भांडणे अशी मिटतात, आणि मिटावीतच.

युरोपातही निराळे काही नाही. २००६ सालच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, बर्लिनला, झिदानने माटेराझ्झीच्या छातीवर डोके हाणले आणि तांबडे कार्ड घेऊन तो बाहेर गेला. बहिणीवरून बोलले गेले, हे माटेराझ्झीने मागाहून मान्य केले. जगाने झिदानला अर्धेअधिक माफ केले ते 'भाऊ होता म्हणून'. म्हणजे शिवी देणारा आणि शिवीसाठी डोके हाणणारा, दोघेही बहिणीकडे पाहतात ते एकाच नजरेने: ती भावाच्या अब्रूची ठेव.

हे झाले मोठ्यांच्या मैदानांचे. मी राहतो त्या आंबिवलीच्या आसपास, मोहने, अटाळी, बल्याणी या बाजूला, थंडी पडली की टेनिस चेंडूचे सामने सुरू होतात. रेयॉनचा कारखाना २००९ साली बंद पडला. भोंगा गेला, पगाराचा दिवस गेला, तरी सामने राहिले. मांडव, ध्वनिक्षेपक, आणि चेंडूगणिक बोलणारा समालोचक. त्याच्या तोंडी असलेले मराठी फार रसरशीत असते. त्याच्या उपमा ऐकून मी पुष्कळदा मनात दाद दिली आहे. पण सीमारेषेवर झेल सुटला रे सुटला, की त्या साऱ्या प्रतिभेला एकच गोष्ट सुचते: 'बांगड्या भर!' यावर मांडव हसतो. मांडवाच्या कडेला, भिंतीच्या सावलीत, पोरे काखेत घेऊन उभ्या असलेल्या बायकाही हसतात. एके वर्षी तर हा उद्गार निघाल्यावर अर्ध्या तासाने त्याच मांडवात नगरसेविकाबाई आल्या आणि बांगड्या भरलेल्या हातांनी त्यांनी विजेत्या संघाला करंडक दिला. टाळ्या पडल्या. कोणालाही काही विसंगत वाटले नाही.

बांगडी या वस्तूला मराठीत केवढा मान आहे! ती फुटली तर 'फुटली' म्हणावयाचे नाही, 'वाढवली' म्हणावयाचे. कासाराकडे बसून चुडा भरणे हा सोहळा. तीच बांगडी पुरुषाच्या मनगटाजवळ नुसती नेली की जगातील सर्वांत मोठी नामुष्की होते. नाकर्त्या अधिकाऱ्याच्या टेबलावर बांगड्यांचा आहेर ठेवून छायाचित्र काढून घेण्याची आपल्याकडील आंदोलनांची पद्धतही यातलीच, आणि तो आहेर घेऊन जाणाऱ्यांत स्त्रिया पुढे असतात. 'भागूबाई' हा शब्द असाच. भित्र्या मुलाला एका बाईचे नाव दिले की झाले. ही कोण भागूबाई, आणि ती कशाला भ्यायली होती, हे कोणी सांगत नाही. उलट बाजूने पाहावे तर मुलगी चांगली खेळली की आपले वृत्तपत्री मराठी तिला तत्काळ 'रणरागिणी' करते, नाहीतर 'मर्दानी' म्हणते. भागूबाई आणि रणरागिणी यांच्यामध्ये साधी, बरी खेळणारी बाई उभी राहील एवढी जागा या शब्दकोशात नाही. भाषेत ती सोय नाही असे मात्र नव्हे. इंग्रजांना २०२१ साली आपला 'बॅट्समन' नियमांच्या पुस्तकातून काढून तेथे 'बॅटर' घालावा लागला. आपल्या 'फलंदाज' शब्दात मुळात पुरुष नाहीच. तो स्मृती मानधनाला जसाच्या तसा बसतो.

शब्दांचा हा कल प्रत्यक्ष वादात कसा उतरतो ते पाहावयाचे तर कुस्तीकडे जावे. महाराष्ट्र केसरीची गदा १९६१ पासून दिली जात आहे. स्त्रियांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली ती २०२३ च्या मार्चमध्ये, सांगलीला. अंतिम कुस्तीत सांगलीच्या प्रतीक्षा बागडीने आमच्या कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवले. बासष्ट वर्षांनी का होईना, एक दार उघडले. पण त्याच वर्षाच्या जानेवारीत विनेश फोगट, साक्षी मलिक आणि त्यांचे सहकारी दिल्लीत जंतरमंतरवर येऊन बसले होते. कुस्ती महासंघाच्या अध्यक्षांवर त्यांनी लैंगिक छळाचे आरोप केले. अध्यक्षांनी ते नाकारले. त्यांचा निवाडा हा न्यायालयाचा विषय आहे आणि तेथे मला शिरावयाचे नाही. मी पाहतो आहे ते भोवतीचे कवित्व. इतकी वर्षे गप्प का होत्या? आता खेळ संपत आला म्हणून का? हे प्रश्न आमच्याकडच्या चहाच्या टपरीपर्यंत आले होते. एप्रिलमध्ये खुद्द पी. टी. उषा, ऑलिंपिक संघटनेच्या अध्यक्षा, म्हणाल्या की असे रस्त्यावर येणे ही बेशिस्त आहे आणि देशाच्या प्रतिमेला ते बाधक आहे. त्या पुढे आंदोलकांना भेटून आल्या, हेही नमूद केले पाहिजे. परंतु हे उद्गार एका स्त्रीचे, आणि तेही भारतीय मैदानावरील सर्वांत कष्टाळू स्त्रीचे होते. ही दृष्टी केवळ पुरुषांची असती तर प्रश्न फार सोपा झाला असता. मे महिन्याच्या २८ तारखेला पोलिसांनी त्यांना तेथून उचलले.

याच्या शेजारी दुसरा प्रसंग ठेवतो. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागात शिवराज राक्षेला पृथ्वीराज मोहोळविरुद्ध चितपट दिले गेले. आपले दोन्ही खांदे टेकले नव्हते, असे शिवराजचे म्हणणे. त्याने पंचाला लाथ मारली. तीन वर्षांची बंदी आली. निकाल चुकला होता की बरोबर होता, यावर मल्लविद्येच्या जाणत्यांतही दोन मते आहेत. पण दोन वेळा महाराष्ट्र केसरी झालेले चंद्रहार पाटील तर अशा पंचाला गोळीच घालायला हवी होती, असे बोलून गेले. शिवराजच्या संतापाला पुष्कळांची सहानुभूती मिळाली. वर्षभराची मेहनत एका क्षणात मातीत गेली, पोराला राहवले नाही, असे लोक म्हणाले. मलाही ते समजते. फक्त एवढेच दिसते, की पंचाला लाथ मारली त्याला 'अन्यायाची चीड' हे नाव मिळू शकले, आणि पदपथावर मांडी घालून बसल्या त्यांना 'बेशिस्त' हे. शब्द वाटणारे हात एकाच समाजाचे.

क्रिकेटपटूंच्या बायकांविषयी थोडक्यात आटोपतो, कारण तो विषय सर्वांना पाठ आहे. २०१५ च्या उपांत्य सामन्यात विराट कोहली एका धावेवर बाद झाला आणि अनुष्का शर्मा शिव्यांची धनी झाली. तिचा अपराध एवढाच, की ती सिडनीच्या प्रेक्षागारात बसली होती. २०२० च्या सप्टेंबरात दुबईतील सामन्याचे समालोचन करताना गावसकर, टाळेबंदीत विराटने अनुष्काच्या गोलंदाजीवर सराव केला, अशा अर्थाचे काही बोलले. तिने उघड निषेध केला. आपण तिला दोष दिलाच नव्हता, घरच्या अंगणातील त्यांच्या खेळाचे चित्रण पाहिले होते तेवढाच उल्लेख केला, असा खुलासा त्यांनी केला. खुलासा मला खरा वाटतो. तरीही, नवऱ्याने दोन झेल सोडले असता वाक्यात बायको का आली, हे २००८ साली गोऱ्यांच्या वाक्यातील गृहीत नेमके हेरणाऱ्या माणसाला जाणवू नये, याचे आश्चर्य वाटते. २०२१ साली तर कळस झाला. पाकिस्तानकडून हरल्यावर महंमद शमीला त्याच्या धर्मावरून शिव्या पडल्या. विराटने त्याची बाजू घेतली. आणि त्याचा सूड म्हणून वर्षही न भरलेल्या विराटच्या मुलीला जी धमकी दिली गेली तिचा उच्चार येथे करवत नाही. मुंबई पोलिसांनी एका तरुणाला अटक केली होती. धर्मावरून सुरू झालेली शिवी दोन वळणांत पाळण्यापाशी पोचली, एवढे ध्यानात ठेवावे.

यावर कोणी म्हणेल, की मग मैदाने देवळे करायची काय? लोकांनी ओरडूही नये? मी तसा सोवळा नाही. हुर्यो हा प्रेक्षकाचा हक्क आहे. २०२४ च्या एप्रिलमध्ये रोहित शर्माच्या जागी कर्णधार झालेल्या हार्दिक पंड्याची वानखेडेने अशी हुर्यो उडवली, की नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकरला प्रेक्षकांना 'जरा नीट वागा' असे सांगावे लागले. ते क्रूर होते. पण जुलैच्या ४ तारखेला, विश्वचषक घेऊन संघ त्याच मैदानात आला तेव्हा त्याच प्रेक्षकांनी हार्दिकच्या नावाचा गजर केला. विनू मंकडचेही उदाहरण आहे. १९४७ च्या डिसेंबरात, पुन्हा सिडनीलाच, त्याने बिल ब्राऊनला गोलंदाजीच्या टोकाला धावचीत केले आणि इंग्रजी भाषेने त्याच्या आडनावाचे क्रियापद करून त्याला पाऊणशे वर्षे डागले. अन्याय उघड होता. ब्रॅडमननेही त्याची बाजू घेतली होती. तरी तो डाग ज्याने यष्टी उडवली त्याच्याच नावावर होता, आणि म्हणून त्याविषयी वाद घालता आला, नियम बदलता आला. हुर्योला खेळून उत्तर देता येते. सायमंड्सच्या आईने कोणती खेळी खेळावयाची होती?

रडण्याविषयी एक शब्द राहिला. 'रडूबाई' आणि 'रडीचा डाव' हे आपले अगदी बालपणचे शब्द. रडणारा खेळातून बाद. २०२५ च्या ३० ऑक्टोबरला नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा काढल्या आणि ३३९ धावांचे लक्ष्य गाठून दिले. याच जेमिमाचे खार जिमखान्याचे सभासदत्व आदल्या वर्षी गेले होते, ते वडिलांनी तेथे धार्मिक मेळावे भरवल्याच्या आरोपावरून. वडिलांनी आरोप नाकारला, पण बोलणी मुलीनेही खाल्ली. सामना जिंकल्यावर ती सर्वांसमोर रडली, आणि या स्पर्धेत आपण जवळजवळ रोज रडलो, मन थाऱ्यावर नव्हते, असे तिने सांगून टाकले. तीन दिवसांनी त्याच मैदानावर भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला.

आमच्या बाजूच्या मैदानांवर आता मुलीही दिसतात. सकाळी लवकर, मोठ्या पोरांच्या आधी जागा धरून. त्यांच्यात झेल सुटला तर त्याही ओरडतात, आणि चांगल्या खणखणीत ओरडतात. 'डोळे घरी ठेवलेस का गं?' असे परवा एकीने दुसरीला विचारले. दुसरीने चेंडू उचलून यष्टिरक्षकाकडे फेकला आणि म्हणाली, 'उन्हात दिसला नाही.'